डोणीपलीकडचीं सहा घरें

माझा जन्म तिरुवैयारूचा, कावेरीच्या अगदी काठचा, वडील शाळेंत ड्रॉइंग मास्टर होते, घरांत आम्ही मराठी बोलायचों आणि उंबरठा ओलांडला कीं तमिळ, आणि लिहायचें-वाचायचें तें सगळें तमिळ नाहीतर इंग्लिश, तुमचीं हीं बाळबोध अक्षरें मज अजून येत नाहीत, म्हणजे बघा, तुम्ही माझेंच बोलणें लिहून काढाल आणि मजच वाचतां येणार नाही, कोणी वाचून दाखवलें तर ऐकेन. एकोणिसाव्या वर्षीं लग्न होऊन तंजावरास आलें, दिवटी सांदींत. सांदी म्हणजे गल्ली, इकडचे लोक सन्दु म्हणतात. दिवटी म्हणजे मशाल. राजांच्या काळीं स्वारीपुढें मशाली धरून चालणारे लोक तिथें राहायचे म्हणून तें नाव, तमिळ लोकही तीवट्टी सन्दुच म्हणायचे, रिक्षावाल्यास नुसतें तेवढें सांगितलें कीं पुरे, दार सांगायला नको.

तर ती सांदी कशी, तें सांगतें, नाहीतर पुढचें कळायचें नाही. तोंडाशीं मारुती. मग दोन्हीं बाजूंस आमचीं घरें, एकतीस. मग एक दगडी डोणी, गाईला पाणी पाजतात तसली, पण ती मशालींच्या तेलाची, आतां तिच्यांत पावसाचें पाणी आणि कावळे. डोणीपलीकडे आणखी सहा घरें, मग चिंच, मग भाताचें शेत. आणि तीं सहा घरें कोणाचीं, तर त्या मशालवाल्यांचीं, खर्‍या दिवट्यांचीं. नाव ज्यांच्यावरून पडलें तीं माणसें डोणीपलीकडे, आणि आम्ही मागून आलेले कारकून आणि लिहिणारे लोक अलीकडे. ते पण मराठीच बोलायचे, आमच्यापेक्षां चांगलें बोलायचे.

आमच्याकडे लग्न-मुंज निघाली कीं दोन सवाष्णी चांदीच्या ताटांत अक्षत घेऊन निघायच्या, मारुतीपासून सुरू, एकेका दारांत नाव घेऊन बोलावणें करायचें, आणि डोणीपाशीं आलें कीं परत फिरायचें. डोणीपलीकडे अक्षत जात नाही. कां जात नाही? सासूबाईंस विचारलें तर म्हणाल्या, जात नाही, पहिल्यापासून नाही. ते लोक लग्नास यायचे नाहीत असें नाही हो, यायचे, फुलें करायचे, पंगती वाढायचे, मागच्या अंगणांत जेवायचे. अक्षत मात्र नाही. सासूबाई गेल्यावर तें ताट माझ्या हातीं आलें आणि वीस वर्षें मीच फिरवलें. मज त्याचा अभिमान होता, खोटें कां बोलूं.

हे बस कंपनींत कारकून, पगार तो काय, म्हणून मी टायपिंग शिकलें, लोअर-हायर दोन्ही पास झालें आणि ताल्लूक ऑफिसासमोर एका छपरीखाली मशीन घेऊन बसूं लागलें. बाया नव्हत्या बसत तेव्हां. सासर्‍यांनीं महिनाभर तोंड फिरवलें. जन्माचे दाखले, जमिनीचे अर्ज, नवर्‍यानें टाकलेल्या बायकांचे अर्ज, काय काय टाइप केलें असेल या बोटांनीं. आणि माझा माधव तेव्हां चार वर्षांचा, तो कोणापाशीं राहायचा? तुळसापाशीं. तुळसा डोणीपलीकडची, पहिलें घर तिचें, नवरा भाताच्या गिरणींत, ती ओट्यावर बसून फुलें ओवायची. माधवला तिनें मांडीवर घेऊन ताकभात भरवला, गोवर आला तेव्हां ती बसली, मी नाही. तो तिला माव्शी म्हणायचा, तिची शांता आणि तो एका ताटांत जेवायचीं. मी तिला तुळसे म्हणे, ती मज राधे. सगळ्या सांदींत मज राधे म्हणणारी ती एकटी.

माधवची मुंज झाली तेव्हां हार सगळे तिनें केले. मी अक्षत घेऊन निघालें, एकतिसावें घर झालें, डोणीपाशीं परत फिरलें, तर ती समोर ओट्यावर बसलेली, हातांत मोगर्‍याची माळ. मज बघून हसली. मी पण हसलें आणि वळलें. त्या हसण्याचें मज तेव्हां कांही वाटलें नाही. आतां वाटतें.

मग तीं वर्षें आलीं, सगळ्या घरांवर केबलच्या तारा आल्या, कोपर्‍यावर एसटीडी बूथ आला, आणि मागचें भाताचें शेत कोणी प्रमोटरनें घेतलें, पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले, लक्ष्मी गार्डन म्हणून पाटी लावली. ना लक्ष्मी ना गार्डन, नुसती चिखलाची जागा. पण प्लॉट जायला लागले, दुबईस गेलेल्यांनीं घेतले. आणि त्याच सुमारास नगरपालिकेचा एक सर्व्हेयर आला, सगळ्या गल्ल्यांची नवी यादी करायची म्हणून, कुठें सुरू कुठें संपते, घरें किती. चांगला मुलगा होता, नम्र. तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसलेल्या म्हातार्‍यांस त्यानें विचारलें, तर ते म्हणाले, राधाबाईस विचारा, त्यांस दार न् दार पाठ आहे. मज बरें वाटलें. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तें असें. पदर खोचून मी त्याच्यापुढें चाललें, हें मारुतीपासून सुरू, हें अमक्याचें, हें तमक्याचें, आणि डोणीपाशीं येऊन थांबलें. इथें संपली म्हटलें. माझे पायच तिथें थांबायचे हो, वीस वर्षें थांबलेले पाय. तो म्हणाला, अम्मा, आणि तीं पुढचीं घरें? मी म्हटलें, तीं आमच्यांत येत नाहीत. मग कुठल्या तेरूंत, कुठल्या गल्लींत येतात? तें तुम्हीच ठरवा म्हटलें, आणि हसलें. त्यानें लिहून घेतलें. ऊन फार होतें, मीच हाक मारली, तुळसे, यांस ताक दे, आणि तिनें त्यास दोन लोटे ताक दिलें, मीठ-कढीपत्ता घालून. तो म्हणाला, यादी टाइप झालेली लागेल, तुम्हीच करतां कां. मीच केली. तीन कार्बन घालून. आणि खालीं कोपर्‍यांत आम्ही टायपिस्ट घालतों तशीं माझ्या नावाचीं दोन अक्षरें घातलीं. म्हातार्‍यांनीं सह्या केल्या. मी येवजलें, म्हणजे मनांत म्हटलें, कामाचें काम झालें आणि सांदीचा मान झाला.

वर्ष गेलें असेल. एक दिवस दुपारीं तुळसा माझ्या छपरीखाली आली, कधीं यायची नाही ती तिथें, हातांत कागद. राधे, हें काय आलें आहे वाच. मी चश्मा लावला आणि वाचूं लागलें, इंग्लिश वाचून मराठींत सांगूं लागलें, कीं हीं सहा घरें पोरंबोकवर आहेत, म्हणजे सरकारी पडीक जागेवर, अतिक्रमण आहे, रस्ता रुंद करायचा आहे, एक महिन्यांत खाली करावीं. ती म्हणाली, पडीक कशी, घरपट्टीच्या पावत्या आहेत, त्यांवर तीवट्टी सन्दु लिहिलें आहे. मी पुढें वाचलें. पुढें होतें, नगरपालिकेच्या नव्या यादीप्रमाणें तीवट्टी सन्दु दगडी डोणीपाशीं संपते, रहिवाशांनीं स्वतः दाखवलें आहे, यादीची प्रत सोबत. मी चश्मा काढून पुसूं लागलें. ती म्हणाली, कां थांबलीस, वाच. कुठले रहिवासी? खोटें बोलतां आलें असतें. पण मागचा कागद तिनें उलटला आणि कोपर्‍यावर बोट ठेवलें. तिला इंग्लिश येत नव्हतें, पण माझीं तीं दोन अक्षरें ओळखायची, तिच्या नवर्‍याच्या पीएफच्या अर्जावर, शांताच्या शाळेच्या अर्जावर, सगळीकडे मीच घातलेलीं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरें झालें असतें. म्हणाली, राधे, तुझें ताट डोणीपाशीं फिरायचें तेव्हां मज वाईट नाही वाटलें, तुझ्या सासूची चाल, तूं काय करशील. पण हें तूं कागदावर कां घातलेंस? अक्षत नको होती ग, पत्ता तरी ठेवायचास.

काय सांगूं तुम्हांस. त्या दिवशीं मशीन तसेंच उघडें टाकून घरीं आलें. मग अर्ज केले, किती अर्ज केले, माझी चूक झाली, सांदी चिंचेपर्यंत आहे, नाव त्यांचेंच आहे, आम्ही मागचे आहों. तुळसाच्या पेटींत मोडी अक्षरांतला एक जुना कागद होता, कोणास वाचतां यायचा नाही, पण हरवायचा नाही म्हणून ठेवलेला. राजवाड्याकडे एक म्हातारे होते मोडी वाचणारे, त्यांच्याकडे घेऊन गेलें. त्यांनीं भिंग लावून वाचला, त्यांत होतें, मारुतीपासून चिंचेपर्यंत सांदींत राहणार्‍या दिवट्यांस दर अमावास्येस इतकें इतकें तेल द्यावें. मी तिथेंच रडलें. तें टाइप करून, तर्जुमा करून ऑफिसांत नेलें. साहेब चांगले होते, बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाले, अम्मा, राजानें लिहिलें असेल, पण राजा आतां नाही, आणि यादीवर तुमच्याच लोकांच्या सह्या आहेत. आमच्या म्हातार्‍यांस म्हटलें, चला, सगळे मिळून सांगूं, एकतीस नव्हे सदतीस घरांची एक सांदी. कोणाचे पाय दुखायचे, कोणाचा मुलगा नोकरीवर. एकानें तर म्हटलें, रस्ता रुंद झाला तर आपल्याच घरांस बरें. वरातीमागून घोडें नेऊन काय उपयोग.

घरें पाडलीं तीं सकाळीं नऊला. तुळसानें आदल्या दिवशीं ओटा सारवला होता, कोलम, म्हणजे रांगोळी, काढलें होतें त्या दिवशीं पण, कां काढलेंस म्हटलें तर म्हणाली, रोज काढतें म्हणून. चिंच पण गेली. त्यांस कांही मिळालें नाही, अतिक्रमणास काय मिळणार. तुळसा आणि तिचीं माणसें ओरत्तनाडूस गेलीं, तिच्या भावाकडे. जातांना मी बसस्टँडवर गेलें, डब्यांत दहीभात दिला, तिनें घेतला, आणि बसली. खिडकींतून माझ्याकडे बघितलें नाही. आणि मी पण बरोबर बसलें नाही, जायचें होतें मज, तिथपर्यंत सोडायला जायचें होतें, तोंड झालें नाही.

मग रस्ता झाला, कमान झाली, लक्ष्मी गार्डनवाल्यांनीं असोसिएशन काढली, आणि आमच्या सांदीस पण त्यांत घेतलें. मीटिंग झाली, नाव बदलायचें, मशालीचें नाव कसें तरीच वाटतें, जुनाट. आणि बाजूनें कोण बोललें? माझा माधव. चेन्नईस कॉम्प्युटरमध्यें लागला होता, त्यासाठीं म्हणून आला होता. म्हणाला, अम्मा, आतां बाहेर पत्ता सांगतांना बरा वाटायला हवा, जागेस भाव येतो. मी म्हटलें, ज्या नावाच्या ओट्यावर तूं जेवलास तें नाव रे. तो म्हणाला, अम्मा, ते लोक तर त्या यादींत नव्हतेच ना. त्यास माहीत नव्हतें यादी कोणाची. मी सांगितलें नाही, अजून सांगितलें नाही. मी हात वर केला नाही, पण उठून नको असेंही म्हटलें नाही, नुसतें बसून राहिलें, म्हणजे तें झालेंच. डोणी उचलून कमानीपाशीं ठेवली, तिच्यांत क्रोटनचें झाड लावलें. एका रविवारीं निळी पाटी लागली, लक्ष्मी गार्डन, सेकंड क्रॉस. पूर्वीं ती सांदी कुठपर्यंत तें आम्ही ठरवायचों, आमच्यापूर्वीं ते ठरवायचे, आतां कोण ठरवतें मज ठाऊक नाही.

हे गेले. टायपिंग बंद पडलें, झेरॉक्सवाले आले, कॉम्प्युटरवाले आले, मशीन विकलें नाही, आहे तिथें खाटेखालीं. ओरत्तनाडूस जायचें जायचें म्हणतां सात वर्षें गेलीं. तुम्ही विचाराल, एका तासाची बस, कां नाही गेलांत? लाज. दुसरें कांही नाही. बसस्टँडवर दोनदा जाऊन परत आलें.

शेवटीं गेलें. हातांत फुलें घेऊन गेलें, तिला कोणी फुलें दिलीं नसतील कधीं, तीच द्यायची. शांतानें दार उघडलें, मज ओळखलें, माव्शी म्हणाली, आंत घेतलें. तुळसा जाऊन आठ महिने झाले होते. पोटांत गांठ होती, दोन-तीन महिने अंथरुणावर होती. मी म्हटलें, मज कळवलें कां नाही ग? शांता आंत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. तिनें आईच्या सांगण्यावरून लिहिलेलें, तमिळमध्यें, वर माझें नाव, तीवट्टी सन्दु, तंजावर. आणि त्यावर पोस्टाचा शिक्का, असा पत्ता नाही, परत. पोस्टमन नवा असेल. जुना असता तर आणून दिलें असतें. मी तें फोडलें. दोन ओळी होत्या. राधे, एकदा बघावेंसें वाटतें. रागावलेली नाही, ये.

ती वाट बघत होती म्हणाली शांता. पत्र परत आलेलें तिनें आईस सांगितलें नाही, पोचलें म्हणाली. म्हणजे तुळसा येवजत गेली कीं मज पत्र पोचलें आणि मी आलें नाही. तें पाकीट माझ्यापाशीं आहे, पण दाखवायचें नाही मज, रागावूं नका. शांतानें जेवायला वाढलें, ताकभात वाढला, बसलें आणि जेवलें, ती एक शब्द वाकडा बोलली नाही. तिला दोन मुलें आहेत, देव त्यांस सुखी ठेवो, त्यांचें घर त्यांच्या नावावर राहो, एवढेंच रोज मारुतीपुढें म्हणतें. मारुती आहे अजून, त्यास कोणी हलवला नाही.

तुम्ही पण चांगले असा, एवढ्या लांबून आलांत, म्हातारीचें ऐकलेंत. छापलें कीं एक प्रत पाठवा म्हणतां, पाठवा. पत्ता लिहून घ्या. सेकंड क्रॉस, लक्ष्मी गार्डन. तेवढेंच लिहा, दुसरें कांही घालूं नका. तें घातलें म्हणजे पोचतें.