आठ शनिवारांचं पिंप

घेऊ नका. एकदा सांगितलं ना, घेऊ नका… आणि ते मोबाइलवर काय दाखवताय मला, हसरी माणसं, मधे पिंप, त्याला लाल तोटी, वर फेस… मी बघितलंय ते, फोटोत नाही, माझ्या स्वतःच्या फ्रीजमध्ये, मधली जाळी उपसून, आठवड्याची भाजी बाहेर सुकायला टाकून बघितलंय! लिफ्ट सुरू व्हायला अजून वेळ आहे, तो लिफ्टवाला मघापासून तारा चाचपतोय, चुकीची तार चाचपतोय, पण मला कुणी विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय मी सांगत नाही. तुम्ही मात्र विचारलंत. तिसऱ्या मजल्यावरची नवी जोडी तुम्ही, तुम्हीच म्हणालात, 'काकू, घरी प्यायला ते पाच लिटरचं बिअरचं छोटं पिंप घ्यावं का?' मग आता उत्तर ऐकूनच जायचं. बाकीच्यांनीही बसा, पायऱ्या काही कुणाच्या मालकीच्या नाहीत. आणि पिशवीकडे बघू नका. पिशवीचं नंतर.

तर पाच लिटर म्हणजे किती? नाही सांगता येत ना? दुकानदारालाही आलं नाही. मला येतं. मोठ्या बाटल्या पावणेआठ. आता आमच्या घरी, म्हणजे मी आणि आमचा म्हातारा, तोंडावर 'अहो' आणि मागे म्हातारा, दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता एक मोठी बाटली. दोघांत एक. एक्केचाळीस वर्षं, एक दिवस पुढे नाही, एक थेंब जास्त नाही. म्हणजे त्या पिंपात काय भरलेलं असतं? आठ शनिवार! आणि पत्रकात काय लिहिलेलं असतं? ते कुणी वाचत नाही, मी वाचते, शाळा चौथीत सुटली माझी, पुढचं वाचायला मी पत्रकांवरच शिकले, मिक्सरचं, पंपाचं, पंख्याचं, आणि नुसतं वाचून थांबले नाही, या हातांनी मोटरींची तार गुंडाळून दिलीय मी लोकांना तीस वर्षं. तर पत्रकात लिहिलेलं असतं, बारा तास उभं गार करावं, आडवं करू नये, हलवू नये, वरची चकती फिरवून हवा आत घ्यावी, मग तोटी उघडावी, आणि उघडल्यापासून तीन दिवसांत संपवावं. तीन दिवसांत! आठ शनिवार, तीन दिवसांत! कसे प्यायचे हो माणसानं?

पण म्हाताऱ्याला कोण सांगणार. हा काटेवाला माणूस. म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. किराणावाला, सोनार, भंगारवाला, औषधवाला, सगळ्यांचे काटे ह्याच्या हातून सरळ व्हायचे. तांदळाचा दाणा इकडून तिकडे सरकला तर ह्याला कळायचं. सोनार म्हणायचा, 'काका, तुमच्या बोटांत काटा आहे.' आणि असा हा माणूस, तुम्हाला सांगते, घरी दोन ग्लासांत एक बाटली सारखी ओतू शकायचा नाही! दर शनिवारी फरक. बोटभर फरक.

आता इथे आमचा नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमचं यावरून भांडण झालं, कुणाला जास्त गेली आणि कुणाला कमी, आणि भांडण म्हणजे काय भांडण, खालच्या मजल्यावरचे वर आले. तेव्हा मी नियम केला. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. ओतणाऱ्यानं निवडायचं नाही, जो उरेल तो ग्लास त्याचा. झालं! भांडणच संपलं. ओतायचा तो. निवडायची मी. टेबलावर वाकायचं, डोळा ग्लासाच्या काठाला आणायचा, या ग्लासाकडे बघायचं, त्या ग्लासाकडे बघायचं, त्याला जरा ताटकळत ठेवायचं आणि झपकन मोठा उचलायचा. मग तो खुर्चीत मागे टेकायचा, हुस्स करायचा आणि म्हणायचा, 'आज पण तूच जिंकलीस.' दोन हजारांवर शनिवार झाले, मी एकदा हरले नाही. सगळ्या इमारतीला सांगत फिरायचे मी, म्हटलं, काटेवाला असेल बाहेर, घरात काटा मी आहे!

आणि एक दिवस हा पिंप घेऊन आला. गुरुवारी. छातीशी धरून चार मजले चढला, तेव्हाही लिफ्ट बंदच होती. मधली जाळी उपसून मी ते फ्रीजमध्ये उभं केलं. शनिवारी सात वाजता चकती मी फिरवली, पत्रक मीच वाचलं होतं ना. पहिला ग्लास नुसता फेस, तो फेकला. मग त्यानं तोटीखाली एक ग्लास धरला, भरला, माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, अहो, दुसरा?

तो म्हणाला, 'हा तुझा. संपला की परत घे. हवं तेवढं घे गं, आता मोजायचं नाही.'

हवं तेवढं घे! मला! मी काय निवडायचं मग? कुणाशी जिंकायचं, तोटीशी? मी उठले. म्हटलं, मला भरपूर नको, मला वाटणी हवी, तुमचं तुम्ही प्या. आणि माझा ग्लास मोरीत ओतून टाकला, त्याच्या डोळ्यांदेखत. तो तोटीकडे वळला. आपला एक ग्लास प्यायला. रविवारी पुन्हा एकटाच बसला, माझ्या खुर्चीसमोर मात्र माझा रिकामा ग्लास मांडून ठेवला, पुसून, उपडा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही. म्हटलं सोमवारी बोलू, सोमवारी तिसरा दिवस आहे, सोमवारी येईल ताळ्यावर.

सोमवारी सकाळी किराणावाल्याच्या दुकानात काटा सरळ केला, पाच किलोचं वजन ठेवून बघितलं, 'आता बरोबर आहे' म्हणाला, स्टुलावर बसला. उठला नाही.

थांबा, हळहळू नका, मी हळहळायला नाही बसले, मी पिंपाचं सांगतेय. तो गेला आणि फ्रीजमध्ये काय राहिलं? सहा शनिवार! माणूस नाही आणि त्याचे सहा शनिवार खालच्या कप्प्यात उभे! घर पाहुण्यांनी भरलं, जो येतो तो फ्रीज उघडतो, दुधाला जागा नाही. नणंद आली, म्हणाली, 'वहिनी, ही कसली टाकी?' म्हटलं, ऑक्सिजन. तिनं दार हळूच लावलं आणि दिवसभर पंख्याखाली बसून राहिली. मुलगा आला. तो शहाणा. 'आई, तीन दिवस होऊन गेले, आता ते खराब झालं, ओतून टाकू.' म्हटलं, हात लावून बघ. सून त्याला बाजूला घेऊन म्हणाली, राहू द्या हो, काही दिवस राहू द्या. सून माझी मुलापेक्षा बरी आहे, पण हे तिला सांगू नका.

पाहुणे गेले. पहिली संध्याकाळ एकटीची. सात वाजले. आणि फ्रीजमधून आवाज आला… हुस्स.

कारण मला माहीत आहे! मी मोटरवाली बाई आहे, मला भुतं सांगू नका. दिवसभर दार उघडझाप होतं, आतली हवा तापते, सातला फ्रीजची मोटर सुरू होते, पिंपात उरलासुरला वायू असतो तो चकतीच्या फटीतून निघतो. झालं. साधी गोष्ट. पण मला सांगा, कारण माहीत असलं म्हणून आवाज यायचा थांबतो का? दुसऱ्या दिवशी सात वाजता, हुस्स. तिसऱ्या दिवशी, हुस्स. म्हातारा खुर्चीत मागे टेकताना करायचा तेवढाच लांब, तेवढाच दमलेला. चौथ्या दिवशी मी चिकटपट्टी आणली आणि चकतीवर दोन पदरी लावली. म्हटलं, बस आता गप्प.

सात वाजले. काही नाही. सव्वासात… काही नाही. साडेसातला, तुम्हाला सांगते, मला घरात बसवेना. उठले, फ्रीज उघडला आणि नखानं खरवडून खरवडून पट्टी काढली.

आणि तोटी ठिबकायची. कितीही आवळा. सकाळी खाली ठेवलेल्या वाटीत बोटभर साचलेलं. कारण मला माहीत आहे, आतला रबर हलका, तीन दिवसांसाठी केलेला रबर, महिनाभर कसा टिकणार? आठ शनिवार तीन दिवसांत संपवणाऱ्यांसाठी केलेली वस्तू ती! पण वाटीत बोटभर म्हणजे अगदी बोटभरच… सोडा.

मग शनिवार आला. मी ठरवलं, संपवायचं हे. दोन ग्लास काढले, उपडा ठेवलेला तोही काढला. टेबलावर ठेवले. ओतणारा कोण? मीच. जन्मात पहिल्यांदा मी ओतणार. माझा हात बघा, हा असा थरथरतो, चहा बशीत सांडते मी. आत फेस नाही, जोर नाही, बिअर कसली, गवताचं पाणी. पहिला भरला, दुसरा भरला, खाली वाकले, डोळा काठाला आणला…

सारखे! मी मोजपट्टी आणली, मुलाची शाळेतली, मोजले. सारखे! थरथरत्या हातानं, चष्मा नसताना, पहिल्या फटक्यात सारखे!

मी खुर्चीत बसले. म्हटलं, थांब. मला जमतं ते त्याला जमत नव्हतं? ज्याला तांदळाचा दाणा कळायचा त्याला बोटभर कळत नव्हतं? दोन हजार वेळा? कळलं का तुम्हाला? मला कळायला एक्केचाळीस वर्षं लागली, आणि तुम्ही लगेच माना डोलावताय! तो मुद्दाम ओतायचा तसं. मुद्दाम, बरोबर बोटभर, मी वाकून बघावं म्हणून, मी झपकन उचलावं म्हणून. म्हणजे मी एकदाही जिंकले नाही! एकदाही नाही! आणि तो थकला असेल हो, सत्तरी उलटलेला माणूस, दर शनिवारी हात सांभाळून चुकायचं म्हणजे काय खेळ आहे? म्हणून पिंप आणलं. म्हणून म्हणाला, हवं तेवढं घे. आणि मी मोरीत ओतलं…

रागच आला मला. रडले नाही, राग आला. म्हटलं, बघतेच आता. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम कमी-जास्त ओतलं. फार अवघड जातं, सांगते, बोटभर चुकणं सोपं नाही. मग हात मागे घेतला आणि समोरच्या खुर्चीला म्हटलं, उचला. ओतणाऱ्यानं निवडायचं नाही, नियम माझाच आहे. बसले वाट बघत. सात वाजले. फ्रीज म्हणाला, हुस्स. ग्लास कुणी उचलला नाही. मग मी लहान उचलला. मोठा तिथेच ठेवला, म्हटलं, जिंका की एकदा.

सकाळी उठून बघते तर मोठ्या ग्लासात बोटभर कमी.

कारण… फेस बसला म्हणावं, तर फेस नव्हता. उडून गेलं म्हणावं, तर बोटभर कसं उडेल एका रात्रीत? मुलाला फोन केला, तो म्हणाला, 'आई, तू उठून प्यायली असशील.' आता मुलाला काय सांगायचं. असेन. पण मग मी जिंकले की म्हातारा, हे त्यानं सांगावं ना?

असे शनिवार काढले. दर वेळी आंबट, दर वेळी जास्त आंबट, शेवटी शेवटी तर फ्रीजचं दारही उघडायला नको असा वास. मी लहान ग्लास प्यायचे, नाक धरून, औषधासारखा. मागच्या शनिवारी तोटीतून अर्धा ग्लास आला, मग गडगड, मग काही नाही. पिंप तिरकं केलं, पत्रकात करू नका म्हटलंय तरी केलं. संपलं. आठ शनिवार संपले.

रविवारी सात वाजले, आवाज नाही. सोमवारी नाही. रिकामं पिंप तसंच ठेवलंय आत, चकती उघडी, मोटर सुरू होते, बंद होते, आवाज नाही. भंगारवाल्याला दाखवलं, तो हातात घेऊन म्हणाला, 'आजी, ह्याला वजनच नाही.' हिसकावून परत आणलं मी. बुधवारी बाटली आणली, म्हटलं जुन्या पद्धतीनं बसू. पण बाटली उघडायची म्हणजे समोर माणूस लागतो, आणि बाटली काही बोलत नाही, मुकी वस्तू, एकदा बूच उडालं की गप्प. तशीच ठेवली.

म्हणून सांगते, घेऊ नका. जागा खातं, पहिला ग्लास फुकट जातो, रबर ठिबकतो, तीन दिवसांत संपत नाही आणि संपलं की… घेऊ नका. तुम्ही दोघं आहात, बाटली आणा, एकानं ओता, दुसऱ्यानं निवडा. आणि ओतणाऱ्याच्या हाताकडे बघा, ग्लासाकडे नको.

हं, लिफ्टवाला चालला वाटतं जेवायला. मग चालतच जायचं चार मजले. अहो, तुम्ही तरुण आहात, उचला ती पिशवी. दोन्ही हातांनी… उभी धरा, उभी! आडवी करू नका, हलवू नका, बारा तास गार व्हायला लागतात त्याला, आणि आज शुक्रवार आहे.