क्लिक केलं नाही, नुसता बाण नेला

थांबा, माउसला हात लावू नका — आधी बघा, मग काढून टाका. परिपत्रक मीही वाचलंय, फुकटातली एक्स्टेन्शनं ऑफिसच्या मशीनवर नकोत, म्हणून कॉम्प्युटर विभागाने तुम्हाला धाडलंय, ठीक. पण आयुष्यभर बातमीदारी केलेल्या माणसाची बाजू न ऐकता निकाल द्यायचा? पालिकेला मी असं करू दिलं नाही, तुम्हाला देईन? बसा. तर हा फोटो — केवढा आहे? टपाल तिकिटाएवढा. आता मी बाण नुसता वर नेतो. नेला. झाला की नाही स्क्रीनभर? क्लिक केलं मी? नाही केलं. मागच्या महिन्यात हे सापडलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. आजवर मला फुकट काय मिळालं होतं, तर पत्रकार परिषदेतलं पेन, आणि तेही उठत नव्हतं.

क्लिक केलं नाही, हे महत्त्वाचं. का? कारण मी शपथ घेतलीय, बायकोसमोर — त्या माणसाचा एकही फोटो उघडणार नाही. हा ऑनलाइन अल्बम अख्ख्या कुटुंबाचा आहे, जो तो त्यात फोटो चढवतो, त्याला माझा इलाज नाही, पण उघडणार नाही. आता उघडणं म्हणजे काय? क्लिक करणं. रस्त्याने जाताना कुणाचं दार सताड असलं आणि आपली नजर गेली, तर आपण घरात शिरलो असं होतं का? नाही होत.

कोण माणूस म्हणजे? माझा धाकटा भाऊ. सख्खा. चौकातल्या पुतळ्यावर मी लेख लिहिला होता, अर्धं पान, आणि त्यात एक वाक्य — घोड्याने उजवा पाय उचललाय. झालं, त्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत पत्र: ‘पाय डावा आहे. बातमीदारांनी पुतळा पाहिलेला दिसत नाही. आपला, एक वाचक.’ एक वाचक! ह्या वाचकाचा गृहपाठ मी करून द्यायचो, टपालात आलेल्या मूळ कागदावरचं त्याचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर मी ओळखणार नाही? घरी यायचं, सांगायचं — दादा, चुकलं तुझं. मी नसतं ऐकलं, पण सांगायचं. पेपरात? माझ्याच पेपरात? तेव्हापासून बोलणं बंद.

कळलं, तुम्ही काय विचारणार ते. पुतळा इथून दोन वळणांवर, मग जाऊन बघत का नाही? अहो, बघायला गेलो म्हणजे मला शंका आली असं झालं. शंका त्याला येऊ दे. मी तो चौक टाळून, वळसा घालून ऑफिसला येतो, गुडघे बोंबलतात तरी. तत्त्व म्हणजे तत्त्व.

फोटोचं वेगळं, फोटो हा पुरावा. आणि हा गृहस्थ मला डिवचायला मुद्दाम त्या पुतळ्यापुढेच फोटो काढतो, आणि दर वेळी पाय झाकलेला. हा बघा — त्याच्या नातीचा फुगा आडवा आलाय. इथे जावयाचं डोकं, बघा तरी केवढं डोकं. इथे नात — पुढचे दात पडलेत, पण हसते कशी, थेट आमची आई — ते असो. इथे ती सायकल शिकतेय. नाही, ह्यात पुतळा नाही, पण तपास म्हटला की सगळंच तपासावं लागतं. हा शाळेचा पहिला दिवस. हो, हाही बघितलाय. रोज बघतो, तुम्हाला काय करायचंय?

आणि हा आला, आत्ताच चढवलेला, एकटाच आहे, स्वतःच काढलाय. नेतो बाण — पाय! फुगा नाही, जावई नाही, स्वच्छ पाय, आणि वर कुठला? उजवा. लिहून घ्या, उजवा. हा मी उद्या पहिल्या पानावर — हसताय काय? मागची पाटी? औषधाच्या दुकानाची आहे, तिचं काय? उलटी? अक्षरं उलटी... म्हणजे आरशातल्यासारखं? स्वतःचा फोटो काढला की फोन डाव्याचं उजवं करतो? आणि लोक चालवून घेतात हे? मग घोड्याचा तो... नाही, तुम्ही बोलू नका. मी लेखावर ठाम आहे.

थांबा. बाण हलवू नका. त्याच्या हातात काय आहे ते? काठी. काठी कधी आली? मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण, मीच घरात त्याचं नाव काढू देत नाही. आणि काठी टेकत हा एकटा त्या चौकात — तिथला सिग्नल बंद आहे हो, मीच बातम्या देऊन थकलोय, कुणी हलत नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचाच नाही हा. माझा हात धरायचा आणि आभाळात बघत चालायचा.

आत्ताचाच आहे ना हा फोटो? असेल ना अजून तिथेच? चपला कुठे गेल्या माझ्या — पाय घ्या जरा. त्याच्यासाठी कशाला जाईन मी? घोडा बघायला चाललोय. घोडा. काढा तुम्ही तुमचं ते एक्स्टेन्शन, हवं तर अख्खं मशीन घेऊन जा, फक्त वाटेतून बाजूला व्हा.