ढकललं, पण का?

ताई : त्याला काय विचारताय, वकीलबाई? मला विचारा ना. जन्मापासून ऐकू येत नाही माझ्या धाकट्याला. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे त्याच्या वतीने मीच बोलते.

वकीलबाई : पोलिसांपुढेही तुम्हीच?

ताई : मग काय! साहेबांनी विचारलं, सुपरवायझरला ढकललंस का? मी खूण केली, ह्याने मान हलवली, मी म्हटलं हो. त्यांनी लिहून सही घेतली. सुपरवायझरचा हात मोडलाय, कारखान्याने ह्याला काढून टाकलंय. तुम्ही फक्त शिक्षा कमी होते का बघा. वकील लावायची आमची ऐपत नाही, म्हणून तर वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या ह्या मोफत कायदा केंद्रात आलो.

वकीलबाई : इथे फी नाही, पण घाईही नाही. का ढकललं, हे कुणी विचारलं त्याला?

ताई : ते... नाही. पण तापट आहे तो, लहानपणापासून.

वकीलबाई : मग मी विचारते. हे आपल्या केंद्राचे दुभाषी, मूकबधिर शाळेत शिकवतात.

ताई : म्हणजे? माझा भाऊ मला कळत नाही होय?

दुभाषी : रागावू नका, ताई. घरी किती खुणा आहेत तुमच्या?

ताई : जेवण, झोप, दुखतंय, ये, जा... असतील तीस-चाळीस. भागतं आमचं.

दुभाषी : थांबा हं, सांगतोय तो. म्हणतो, सुपरवायझर कापडाच्या गठ्ठ्यांखाली उभे होते, पाठ करून. वरचा गठ्ठा सरकताना मला दिसला. हाक कशी मारणार? ढकललं. गठ्ठा धाडकन त्यांच्याच जागेवर पडला.

ताई : अगं बाई! अरे, मग बोलला का नाहीस?

दुभाषी : म्हणतो, बोलत होतो. तू माझे हात धरून खाली केलेस.

ताई : ...केले. साहेब चिडतील असं वाटलं मला. वकीलबाई, मीच अडकवलं की हो त्याला!

वकीलबाई : ताई, दुभाषी बोलावणं पोलिसांचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही. तुम्ही डोळे पुसा. त्याला विचारा हो, तो गठ्ठा उचलला कुणी?

दुभाषी : शिलाईच्या दोघीजणींनी, म्हणतो.

वकीलबाई : झालं तर. त्या दोघींना आजच गाठू.

(आठ महिन्यांनी, कोर्टाबाहेरच्या बाकावर.)

ताई : सुटला! माझा अजून विश्वास बसत नाही. त्या शिलाईवाल्या केवढ्या धीराने बोलल्या, नाही?

वकीलबाई : आणि सुपरवायझरनेही कबूल केलं, मागे काय झालं ते बघितलंच नव्हतं म्हणून. आता नोकरीचा अर्ज. ते भांडण अजून बाकी आहे, पण हातात निकाल आहे.

ताई : अर्धा तास बोलत होता हा कोर्टात! आणि मध्येच न्यायाधीशबाई हसल्या कशाला? मागच्या बाकावर मला ऐकूच आलं नाही.

दुभाषी : त्यांनी विचारलं, परत असं घडलं तर काय करशील? म्हणाला, परत ढकलीन, पण जरा हळू.

ताई : असा आहे होय हा! एवढं गमतीचं बोलतो, आणि घरात मला पत्ताच नाही.

दुभाषी : ताई, दर रविवारी शाळेत घरच्यांसाठी वर्ग असतो. पुढच्या महिन्यापासून हाच शिकवणार आहे. विचारतोय, येशील का?

ताई : त्याला सांगा... नको, थांबा. 'येईन' कसं म्हणायचं, तेवढं मला दाखवा.