सोमवारी परत

तो : ...आणि बेटावर उतरलो की थेट गोल्फच्या मैदानावर. सामान हॉटेलवाले परस्पर नेतील. दुपारपर्यंत अठरा होल, मग तुझा समुद्र. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचं मैदान, तिसऱ्या दिवशी...

ती : जरा टेक की. मघापासून टेबलाभोवती घिरट्या घालतोयस.

तो : बसून प्लॅन होत नाही माझा. हां, तिसऱ्या दिवशी ते किनाऱ्यावरचं. तिथे सातव्या होलला चेंडू चक्क पाण्यावरून मारायचा. चुकला की माशांना नजराणा.

ती : चार दिवसांत तीन मैदानं. सुट्टी आहे की वॉर्डाचा राउंड?

तो : तू नारळाच्या सावलीत पुस्तक घेऊन पड.

ती : लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पुस्तक घेऊन पडलेली मी तुला कधी दिसले?

तो : मग आता शीक! गुरुवारी सकाळचं विमान, पुढच्या सोमवारी संध्याकाळी परत. मंगळवारी सकाळी आठला ऑपरेशन थिएटरमध्ये हजर. करू बुक?

ती : परत शनिवारी येऊ. अजून पाच दिवस थांबून.

तो : मंगळवारी त्या पोरीचं ऑपरेशन आहे, विसरलीस?

ती : मी कशी विसरेन? भूल मीच देणार आहे.

तो : मग? नऊ वर्षांचं लेकरू आहे. ताप पूर्ण उतरायची वाट बघत तिला वॉर्डात ठेवलंय. पित्ताची नळी बदलायची, केसाएवढ्या धाग्याने जोडायची. तिच्या आईला मी शब्द दिलाय, मी स्वतः करीन म्हणून.

ती : त्याबद्दलच बोलायचंय.

तो : आधी हॉटेल ठरवू. हे बघ, याची खोली समुद्रासमोर...

ती : या वर्षात किती पटर घेतलेस? चेंडू खड्ड्यात ढकलायच्या त्या काठ्या.

तो : हे मधेच काय?

ती : तीन. पहिला जड होता, दुसरा आखूड, तिसऱ्याची मूठ घसरते.

तो : घसरतेच!

ती : नाचता येईना, अंगण वाकडं. गेल्या रविवारी मी क्लबच्या व्हरांड्यात बसले होते. चेंडू खड्ड्यापासून तीन फुटांवर. नुसता ढकलायचा. चार वेळा चुकलास.

तो : वारा होता.

ती : झाडाचं पान हलत नव्हतं.

तो : बरं, थकलोय. झालं समाधान? म्हणून तर सुट्टी काढतोय!

ती : चहा हल्ली अर्धा कप घेतोस. सांडू नये म्हणून. सह्यासुद्धा टाळतोस. "उद्या करतो, ठेव तिकडे."

तो : पाळत ठेवतेस माझ्यावर?

ती : सव्वीस वर्षं मी पेशंटच्या उशाशी बसते. तिथून मला दोनच गोष्टी दिसतात, मॉनिटर आणि तुझे हात. गेल्या बुधवारी सुई धरलीस आणि लगेच तुझ्या ज्युनिअरकडे दिलीस. "आज तू कर, शिकशील."

तो : शिकवायला नको का तिला?

ती : सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी मॉनिटरकडे बघत बसले. त्याच्या आधी दोनदा झालं, तेव्हाही मी मॉनिटरकडेच बघत बसले. घरी आले की वाटायचं, आज बोलू. मग तू आंघोळीला जायचास, फोन यायचे, दिवस जायचा.

तो : काही बिघडलं का पण? एकाही पेशंटला काही झालं का?

ती : नाही.

तो : मग!

ती : दर वेळी ज्युनिअर शेजारी होती म्हणून नाही झालं. न्यूरोवाल्याला दाखवलंस?

तो : त्याच्याबरोबर मी दर रविवारी खेळतो.

ती : म्हणजे नाही दाखवलंस.

तो : अगं, एकदा नाव पडलं की पडलं. उद्या अख्ख्या हॉस्पिटलात, लिफ्टवाल्यापासून डीनपर्यंत. "सरांचा हात गेला." मग लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागतील. मला नाही जमणार ते.

ती : साधी थरथर असेल, गोळीने जाईलही. नसेल साधी, तर तेही कळेल. चार दिवस चेंडू मारून काय कळणार?

तो : कळणार.

ती : काय?

तो : जाऊ दे.

ती : नाही, सांग. काय कळणार?

तो : तिथे मला कोणी ओळखत नाही. कोणी बघत नाही. म्हटलं, तीन दिवस, तीन मैदानं. तीन फुटांच्या आतले सगळे चेंडू खड्ड्यात बसले, तर मंगळवारी हातात सुरी घ्यायची.

ती : काय बोलतोयस तू?

तो : बसतील गं. घरी गालिच्यावर बसतात.

ती : आणि नाही बसले तर?

तो : ...तर वाऱ्याला दोष देईन.

ती : हसू नकोस.

तो : हसत नाहीये मी.

ती : एका लेकराचं पोट तू चेंडूवर पणाला लावणार?

तो : तूच सांग मग, दुसऱ्या कशावर लावू! तीस वर्षांत मला दुसरं काही येत नाही. सकाळी सहाला उठायचं, हात धुवायचे, आत जायचं. गोल्फ तरी काय, रविवारी ऑपरेशन नसतं म्हणून.

ती : मंगळवारी तू सुरी उचललीस तर मी भूल देणार नाही.

तो : सगळ्यांसमोर?

ती : सगळ्यांसमोर सांगेन.

तो : बायको असून?

ती : बायको म्हणून तीनदा गप्प बसले. आता भूलतज्ज्ञ म्हणून बोलतेय.

तो : ...दार लाव ते. उगाच आपटतंय.

ती : लावते. तो फोन तुझ्यासमोरच आहे.

तो : कोणाला करू?

ती : तुला ठाऊक आहे.

(तो नंबर लावतो. दोनदा कट करतो. तिसऱ्यांदा रिंग जाऊ देतो.)

तो : हां, मी बोलतोय. नाही नाही, इमर्जन्सी नाही. जेवतेयस का? ऐक, पुढच्या मंगळवारची ती मुलगी तू कर. मदतीला नाही, मुख्य तू. शेजारच्या युनिटच्या सरांना मी सांगतो, ते उभे राहतील तुझ्याबरोबर. मी? मी असेन तिथे. ग्लोव्हज न घालता. कारण... कारण माझा हात थरथरतो. हो. बरोबर ऐकलंस. ...अच्छा. ...कधीपासून? बरं. बरं, ठेव.

ती : काय म्हणाली?

तो : म्हणाली, "सर, पंधरा दिवस झाले, मी रोज त्याच टाक्यांचा सराव करतेय. म्हटलं, न जाणो, सर म्हणाले तर."

ती : गुणी आहे पोरगी.

तो : सगळ्यांना माहीत होतं म्हणायचं. मीच तेवढा लपवत बसलो होतो.

ती : उद्या न्यूरोवाल्याकडे जाऊ. मी येते.

तो : आणि विमान?

ती : उडेल आपल्याशिवाय.

तो : त्या मुलीच्या आईला सांगायला हवं. फोनवर नको. वॉर्डातच असेल ना ती?

ती : असेल. लेकराला सोडून कुठे जाणार?

तो : काय म्हणू तिला? "शब्द दिला होता, आता फिरवतोय"?

ती : जे आहे ते सांग. कोण ऑपरेशन करणार, तिने किती केलीत, सगळं सांग. ती रडली तर बस तिच्याजवळ. राउंड उरकल्यासारखा निघून येऊ नकोस.

तो : तू चलतेस?

ती : सकाळपासून चपला घालून बसलेय मी.