यादीतले सातवे नाव

दिनांक ३१ मे २०१४, सकाळी १० वाजून २० मिनिटे. पोलीस ठाणे, ओयांतायतांबो.

नाव साबिना पुमायाली चायको, वय ४७ वर्षे, धंदा डोंगरवाटेच्या सहलींची आखणी करणे, राहणार ओयांतायतांबो, स्टेशन रस्ता, बेकरीच्या मागे. मूळ गाव चाकीपाता.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले आणि साहेबांसमोर बसून सांगते की,

मी एकोणीस वर्षे हे काम करते. वायराकांचा नावाच्या ठिकाणी असलेल्या इंका लोकांच्या जुन्या अवशेषांपर्यंत चार दिवसांची पायवाट आहे. पाहुणे किती, तंबू किती, तांदूळ-बटाटे किती, कोणता मुक्काम कुठे, कोणत्या हमालाच्या पाठीवर काय, हे सगळे मी ठरवते. पाहुण्यांना वाटते गाइड त्यांना नेतो. गाइड फक्त बोलतो. वाट माझ्या वहीत असते.

२१ मे रोजी निघणाऱ्या सहलीचा परवाना जानेवारीत काढला होता. पाहुणे आठ, गाइड एक, आचारी एक, हमाल अकरा. परवान्यासाठी प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा नंबर आधी द्यावा लागतो. एकदा दिलेले नाव बदलून मिळत नाही. हमालांच्या यादीत सातव्या नंबरवर मी आन्सेल्मो उस्का, वय ३१, राहणार चाकीपाता, याचे नाव घातले. त्याचा थोरला भाऊ मेल्चोर उस्का, वय ३४, हाही माझ्याकडे बारा वर्षे हमाल होता. त्याचा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून धरत होता, म्हणून या मोसमात त्याला मीच यादीबाहेर ठेवले. हे मी माझ्या हाताने लिहिले आहे. वही सोबत आणली आहे.

१९ मे रोजी सकाळी माझ्या अंगणात सामान बांधणे चालू असताना दोघे भाऊ आले. आन्सेल्मो म्हणाला, "ताई, बटाटे काढायचा माझा दिवस बुधवारीच आलाय. मी सगळ्यांच्या शेतात राबलो, आता ते माझ्या शेतात येणार. मालकच घरी नसला तर त्यांना काय तोंड दाखवू? माझ्या जागी मेल्चोर जाईल."

असे याआधीही झाले आहे. आमच्याकडे माणूस माणसाच्या बदल्यात जातो. नांगरटीला जातो, छप्पर घालायला जातो, आणि डोंगरवाटेवर परवाने तपासतात त्या नाक्यावरूनही जातो. जानेवारीत परवाना काढताना मे महिन्यातला बटाटा कोणत्या दिवशी तयार होईल हे कोणालाच सांगता येत नाही. भाऊ दिसायला सारखे असले म्हणजे माझे काम सोपे होते. मी अशी अदलाबदल एकूण सहा वेळा केली आहे. साहेबांनी आकडा विचारला म्हणून सांगितला.

मी मेल्चोरला विचारले, "आणि गुडघा?" तो म्हणाला, "गुडघा माझा, आणि कण्हतेस तू." मग आन्सेल्मोचे ओळखपत्र खिशात घालत हसून म्हणाला, "चार दिवस शेत त्याचं, नाव त्याचं, फक्त ओझं माझं. परत आल्यावर बेनिता घरात घेईल ना मला?" बेनिता ही मेल्चोरची बायको. तीही तिथेच दोर वळत बसली होती. ती म्हणाली, "पाय पुसून आलास तर घेईन."

मी त्याला नकार देऊ शकत होते. यादीतले दहाच हमाल गेले असते तर एकेकाच्या पाठीवर दोन किलो जास्त आले असते आणि नाक्यावरच्या वजनकाट्यावर अडले असते. मला आखणी बिघडायला नको होती. मी त्याला सांगितले, "टोपी कपाळावर ओढ. विचारलं तर आन्सेल्मो म्हण." माझी चूक इथे आहे. पुढचे सगळे तिच्या पाठोपाठ आले.

२२ मे रोजी दुपारी अडीचच्या सुमारास दुसऱ्या खिंडीच्या उतारावर गारा पडल्या. दगडी पायऱ्या तिथे गुडघ्याएवढ्या उंच आहेत. मेल्चोरच्या पाठीवर स्वयंपाकाचा तंबू आणि गॅसची टाकी होती. मागून येणाऱ्या आचाऱ्याने सांगितले की त्याने उजवा पाय खाली टाकला आणि तो पाय त्याच्याखाली उभाच राहिला नाही. तो अंदाजे चाळीस मीटर खाली गेला. खाली पोहोचेपर्यंत जीव गेला होता.

गाइड विल्बेर शहरातला आहे, पहिल्यांदाच आमच्या माणसांबरोबर गेला होता. त्याने चार वाजता फोन केला. "साबिनाताई, आन्सेल्मो गेला." मी विचारले, "कोण?" तो म्हणाला, "आन्सेल्मो उस्का. ओळखपत्र माझ्या हातात आहे." मी बरे म्हटले. मी दुरुस्त केले नाही. आचाऱ्याला आणि बाकीच्या हमालांना खरे माहीत होते, तेही गप्प बसले, कारण त्यांना वाटले की ताई काहीतरी विचार करून गप्प असेल. मी काहीही विचार केलेला नव्हता.

२३ मे रोजी प्रेत खाली आणले. ओळखपत्र पाहून मृत्यूचा कागद झाला. आई ग्रेगोरिया उस्का हिला विचारले, हा तुझा मुलगा का. ती हो म्हणाली. खोटे बोलली नाही. कोणता, हे कोणी विचारले नाही.

त्याच दिवशी चाकीपाताचा गावप्रमुख फ्लोरेन्सियो माझ्याकडे आला. तो म्हणाला, "नाव बदलून माणसं जातात हे कळलं, की आपल्या गावाचा एकही हमाल या वाटेवर चढू देणार नाहीत. गेलेला काही परत येणार नाही, साबिना. उरलेल्यांना जगू दे." मला ते पटले. खरे सांगायचे तर पटवून घ्यायला मी तयारच बसले होते. २४ मे रोजी आन्सेल्मो उस्का या नावाने दफन झाले. क्रॉसवर तेच नाव आहे. आन्सेल्मोला वरच्या कुरणातल्या झोपडीत ठेवले. मेल्चोर कामासाठी राजधानीत, लीमाला गेला असे सांगायचे ठरले. बेनिताला कोणी विचारले नाही, सांगितले.

पाचव्या दिवशी आमच्या गावात गेलेल्या माणसाचे कपडे नदीवर धुतात. बायकोच्या सासरच्या माणसांनी धुवायचे, तिने स्वतः हात लावायचा नाही, आणि एकेक कपडा पाण्यात घालताना त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. त्याशिवाय जीव घरातून निघत नाही. मी ज्यांच्यासाठी सहली आखते ते मालक त्या दिवशी फुले घेऊन नदीवर आले. त्यामुळे आन्सेल्मोचे कपडे धुतले. जिवंत माणसाचा पोंचो, जिवंत माणसाच्या तीन विजारी. ग्रेगोरियाने प्रत्येक वेळी आन्सेल्मोचे नाव घेतले. त्याची बायको इसिदोरा हिने रडायचे ठरले होते. ती खरीच रडली, भीतीने. बेनिता साबण घेऊन उभी होती. तिला रडायला मनाई होती.

२८ मे रोजी मी वरच्या कुरणात भाकरी घेऊन गेले. आन्सेल्मोने आधीचीही खाल्ली नव्हती. तो म्हणाला, "आईनं माझं नाव घेऊन माझे कपडे धुतले, ताई. आता मला इथं काय काम आहे?" मी त्याला समजावले. मी काय बोलले ते मला आठवत नाही. काल सकाळी झोपडी रिकामी होती. बर्फाच्या बाजूला वर गेलेली पावले दिसली. गावातले चौघे शोधायला गेले आहेत. हा जबाब देईपर्यंत ते परतलेले नाहीत.

काल ३० मे रोजी दुपारी बेनिता कपड्यांचे गाठोडे घेऊन माझ्या दारात आली. ती म्हणाली, "सासूला सांगितलं, ती घाबरते. दिरानं धुतले असते, तोही नाही. तू धू. पाठवलंस तूच ना त्याला?" मी तिच्याबरोबर नदीवर गेले. मेल्चोरचा सदरा पाण्यात घातला. पलीकडे दोन बायका कपडे धूत होत्या, दोघींचे नवरे माझ्या पुढच्या सहलीच्या यादीत आहेत. त्या आमच्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून नाव निघाले नाही. मी नुसताच सदरा चोळत राहिले. मग बेनिताने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि तसाच ओला घेऊन गेली. तिने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते.

मला अशी विनंती करायची आहे की मृताचे नाव दुरुस्त करावे. मेल्चोर उस्का मेला, आन्सेल्मो नव्हे. साहेबांनी समजावले की त्यासाठी न्यायाधीशांचा हुकूम लागेल, प्रेत उकरून पाहावे लागेल, आणि हयात भाऊ समोर हजर करावा लागेल. तोवर कागदोपत्री आन्सेल्मो मृत आणि मेल्चोर हयात राहील. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर गुन्हा दाखल होईल आणि गावाचे या मोसमाचे परवाने थांबतील, हेही समजावले. मला समजले. भाऊ हजर करा म्हणतात, तो मी कुठून आणू ते मला माहीत नाही.

आन्सेल्मोला शोधायला ठाण्यातून माणसे पाठवावीत. साहेब म्हणाले, मृत म्हणून नोंद असलेल्या इसमाची बेपत्ता म्हणून नोंद घेता येत नाही. मी त्यांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितले.

माझा जबाब मला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवला. माझ्याबरोबर ठाण्यात येऊन शेजारी बसलेल्या बेनिताला स्पॅनिश नीट येत नाही, म्हणून मी तो तिला आमच्या भाषेत सांगितला, गुडघ्याच्या ओळीसकट. शेवटी तिने साहेबांना विचारले की, यात मेल्चोर उस्का मेला असे जिथे लिहिले आहे तेवढे पुन्हा मोठ्याने वाचता का. साहेबांनी वाचले. तिने आणखी एकदा वाचायला लावले. ते नाव बरोबर लिहिले आहे. बाकीचेही माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: साबिना पुमायाली चायको