मिनूचं तरंगणारं अंडं

ऐका, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अंडं आणणं म्हणजे बॉम्ब आणणं! आणि लेकीला शाळेने घरगुती वस्तूंचा प्रयोग कोणता द्यावा? मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं. मी पर्समध्ये लपवून आणलं. मिनूने पाण्यात मीठ ढवळलं, अंडं वर आलं आणि पाणीकपातीची नोटीस द्यायला सेक्रेटरी जोशी दारात.

"वहिनी, आपली सोसायटी शुद्ध शाकाहारी! आत्ताच्या आत्ता बाहेर फेका."

मिनू रडकुंडीला आली. "काका, शाळेचा व्हिडिओ तरी होऊ दे ना!"

जोशींनी वाकून ग्लासात निरखून पाहिलं. "शिळं दिलंय हो तुम्हाला. ताजं असं वर येत नाही, तळाला बसतं."

मी विचारलं, "भावजी, तुम्ही कुठून आणता?"

व्हिडिओ संपेपर्यंत भावजी दारात उभे राहून जिन्यात कुणी येत नाही ना, ते बघत होते.