काचा पाड्याच्या, रक्त माझं

किन्हवलीच्या अंगाला आमची बौद्धवस्ती, तिथला मी. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबला, घरात सरकारी नोकरीला लागलेला मी पयला, मलेरियाच्या कामावर, काय सांगू तुमाला, आईनं अख्ख्या वस्तीला गूळ वाटला. काम काय, तर मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांवर पायी फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा, काच तपासायला धाडायची, भिंतीवर गेरूनं तारीख लिवायची.

पण रक्त देतंय कोण. रक्तवाला आला रे म्हणत बाया रानात, दारं बंद, पाणीसुद्धा कोण विचारायचं नाय. दिवसच्या दिवस माणसाशी बोलणं नाय, लई एकटं वाटायचं. तिकडं साहेब म्हणणार, काचा कमी का, नोकरी जड झाली काय. नव्वद सालानंतरची गोष्ट, एका पावसाळ्यात पळसाखाली बसलो नि माझंच बोट टोचलं. नावं पाड्यातली, रक्त माझं. पयल्यांदा एकच काच भरली, मग सवय झाली.

रिपोर्ट यायचा, पाड्यात हिवताप नाय. कसा असंल, मला ताप होताच कुठं. फवारणीवाले फिरकले नाय, आणि पाडा तापानं फणफणत होता. यमुनाबाईची सखू, आठ वर्षांची पोर, त्यातच गेली.

साहेब जीप घेऊन आले, यमुनाबाईच्या अंगणात उभं राहून रजिस्टरातलं माझं लिवलेलं मोठ्यानं वाचलं, की सखूचं रक्त घेतलं, हिवतापाचा दोष नाय. त्या बाईनं तर मला कधी दारच उघडलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता बोलते, आता नोकरी गेली. ती वळली नि आत गेली.

त्या दिसापासून खोटी काच भरली नाय. नाय म्हटलं त्याचं नाय लिवलं, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. भगताच्या, म्हंजे झाडफूक करणाऱ्या म्हाताऱ्याच्या, ओट्यावर जाऊन बसायचो. ताप आला की लोक माझ्याकडं नाय, त्याच्याकडं कोंबडा घेऊन जायचे. कोंबडा कुठल्या पाड्याचा ते म्हातारा सांगायचा, तिकडं मी निघायचो. कागदावर नाय, पण ताप तिथंच सापडायचा.

आता रिटायर झालो. बायको गेली, पोरगा वाशिंदला, घरात मी एकटा. मागं मुरबाडच्या बाजारात यमुनाबाई भेटली, म्हातारी झाली, माझा हात धरला. म्हणली, भाऊ, त्या दिशी तुमी साहेबाला सांगितलं नाय की मी दार लावलेलं, पोर माझ्या हट्टानं गेली, पण तुमी रक्त घेतलं असं लिवून माझी लाज राखली, तुमचं कधी वाईट होणार नाय.

इतकी वर्षं ती असं धरून बसली होती. तोंडाशी आलं होतं, बाय, ते तुझ्यासाठी नव्हतं गो. पण तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि मी मान खाली घालून तो घेतला.